डावा कान यंत्राला

पुण्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या शेवटी आभार असतात आणि त्या आभारांत ध्वनिव्यवस्थेचा नंबर मांडववाले आणि चहावाले यांच्या मधे कुठेतरी लागतो. तोवर निम्मे लोक चपला शोधायला गेलेले असतात. बँकेची नोकरी सांभाळून मी पंचवीस वर्षं निवेदन केलं. शाली, श्रीफळं, 'ज्यांना परिचयाची गरज नाही' अशांचे दीड-दीड पानी परिचय, सगळं या तोंडाने वाचून झालं. आता घसा बसलाय आणि हौसही फिटली आहे. पण परवा एका कार्यक्रमाला नुसती प्रेक्षक म्हणून गेले होते. तिथे माईकने शिट्टी मारली, लोकांनी कानांवर हात ठेवले आणि मला एकदम दत्तोबा रायकर आठवले.

रायकर साउंडवाले. राहणार धायरी. त्यांचा परिचय करून द्यायची मला फार इच्छा होती, पण त्यांनी तो कधी करू दिला नाही. आभारांत नाव घेऊ का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "नको ताई. आवाज चांगला लागला तर लोक गाणाऱ्याचं नाव घेतात. साउंडवाल्याचं नाव निघालं म्हंजे समजायचं, कायतरी बिघडलंय."

आमची पहिली गाठ एका शाळेच्या सभागृहात पडली. मी नवखी होते आणि माईकला चिकटून बोलत होते. 'प्रमुख पाहुणे' म्हटलं की सभागृहात धाडकन दार आपटल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मी ते प्रमुख पाहुणे दर दोन वाक्यांनी काढत होते. शेवटच्या रांगेमागे मिक्सर मांडून बसलेला एक माणूस सारखा चष्मा काढून धोतराला पुसत होता. मला वाटलं, डोळ्यांचा काही आजार असेल. मध्यंतरात तो उठून आला आणि म्हणाला, "ताई, मी चष्मा पुसला की एक पाऊल मागं सरकायचं. आवाज जास्त होतोय असा त्याचा अर्थ. चारचौघांत वरडून सांगितलेलं बरं दिसत न्हाई."

त्या दिवसापासून ती आमची खूण ठरली. पुढच्या बारा वर्षांत ती आम्हा दोघांखेरीज कुणालाही कळली नाही.

त्यांची बसायची पद्धत ठरलेली. मिक्सरसमोर बसण्याआधी टोपी काढायची, तिची घडी घालून खिशात ठेवायची आणि मग हेडफोन चढवायचा. तोही एकाच कानावर. हेडफोनची डावी वाटी डाव्या कानावर घट्ट, उजवी वाटी कानामागे सरकवलेली, आणि वायर डाव्या खांद्यावरून खाली आलेली. या डाव्या वाटीत ते एकेक माईक वेगळा करून ऐकत, आणि उघड्या उजव्या कानाने सभागृह ऐकत. "डावा कान यंत्राला, उजवा माणसांना," असं म्हणायचे. दोन्ही कान झाकून बसणाऱ्या नव्या पोरांचा त्यांना राग होता. "दार लावून घ्यायचं आणि पाहुण्याला या म्हणायचं, ही कुठली रीत?"

त्या डाव्या कानाने ते काय काय ऐकत, याचा मला एकदा धसका बसला होता. माझ्या वडिलांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि मी कुणाला काही न सांगता कार्यक्रमाला उभी राहिले होते. छान हसतमुख निवेदन केलं, लोकांनी दादही दिली. मध्यंतरात रायकर खडीसाखरेची पुडी घेऊन आले. "घरात कोन आजारी हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, "माईकनं सांगितलं. त्याला सगळं कळतं, लोकांना कळत न्हाई एवढंच." मी तिथे पडद्यामागे चक्क रडले. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "आता बोला. आता आवाज मोकळा लागंल."

मग परदेशी माल यायला लागला. तोवर रायकरांकडे कुठून तरी मिळवलेला एकच जाडजूड हेडफोन होता. त्याची गादी त्यांच्या बायकोने जुन्या लुगड्याच्या कापडाने तीनदा नव्याने शिवली होती. आता शनिवार पेठेत दाबक्यांच्या दुकानात काचेमागे हेडफोनांची रांगच लागली. दाबके रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारे झालेले गृहस्थ. गिऱ्हाईक आलं की आपल्या झोपेत व्यत्यय आला असा त्यांचा चेहरा व्हायचा. पण रायकर आले की ते उठून उभे राहत आणि पाच-सहा खोकी न बोलता खाली काढून ठेवत, कारण रायकरांची हेडफोन निवडायची तऱ्हा बघायला त्यांनाही आवडायचं.

लोक हेडफोन घेताना आवडतं गाणं लावून बघतात. रायकर गाणं लावत नसत. "गाण्यानं हेडफोन पारखू नये. गाणं चांगलं आसलं की फुटका पत्रापन गोड वाजतो. आन् गोड वाजनारा हेडफोन तर घेऊच नये. गोड बोलनाऱ्याला कुनी साक्षीला उभं करतं का?" मग ते पिशवीतून आपली कॅसेट काढत. त्या कॅसेटवर धायरीच्या शाळेतली दुसरीच्या वर्गाची हजेरी होती.

झालं होतं असं की त्यांची मुलगी वैशाली दुसरीत असताना ते शाळेचा भोंगा दुरुस्त करायला गेले होते. बाई हजेरी घेत होत्या. रायकरांनी नवाच आणलेला दोन माईकचा टेपरेकॉर्डर बाईंच्या टेबलावर ठेवून चालू केला. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे. बाई नाव घेतात आणि एकेक पोर आपापल्या जागेवरून 'हजर' म्हणतं. कुणी पुढून, कुणी खांबाआडून, कुणी सर्दी झालेल्या नाकातून. उजवीकडे 'राजाराम' असं नाव येतं तेव्हा दुसरंच कुणीतरी ओरडतं, "न्हाई आला बाई, म्हशीमागं गेलाय!" आणि सगळा वर्ग हसतो. मधेच कुणाची तरी पाटी पडते. आणि अगदी शेवटी, डाव्या कोपऱ्यातून, खिडकीजवळच्या मागच्या रांगेतून, ऐकू येईल न येईल असा एक आवाज येतो, "हजर बाई." ती वैशाली.

"प्रत्येक पोर जिथं बसलंय तिथनंच ऐकू आलं पायजे," रायकर सांगायचे. "मागचं पोर पुढं आलं तर हेडफोन चहाटळ. पुढचं मागं गेलं तर आळशी. आन् माझी पोरगी आलीच न्हाई, तर त्यो हेडफोन दाबक्यांनी आपल्याच कानाला लावावा." दाबके यावर फक्त म्हणत, "मला ऐकण्यासारखं कोण बोलतंय?"

आणि एक नियम होता, तो त्यांनी मलाही शिकवला होता. एखादी बाजू कमी वाजते असं वाटलं की लगेच मालाला नाव ठेवायचं नाही. आधी हेडफोन उलटा घालायचा, डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्या. कमीपणा वाटीबरोबर गेला तर माल खराब. कमीपणा आपल्या जागीच राहिला तर आपला कान खराब. एका ऑर्केस्ट्रावाल्याने नवा हेडफोन परत आणून दुकानात आरडाओरडा चालवला होता, तेव्हा रायकरांनी त्याच्याच डोक्यावर तो उलटा घातला होता. तो बिचारा गप्प झाला आणि कानाच्या डॉक्टरचा पत्ता विचारून गेला. दाबके ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस सांगायचे.

वर्षं गेली. धायरीच्या शेतांचे प्लॉट झाले, रायकरांच्या भावकीत बंगले उठले, गाड्या आल्या. रायकरांनी घरामागचा एक तुकडा राखला आणि स्पीकर वाहणं चालू ठेवलं. वैशाली इंजिनिअर झाली, खराडीला एका कंपनीत लागली. तिथे ती दिवसभर कानाला हेडफोन लावून साता समुद्रापलीकडच्या साहेबांशी बोलते, याचं रायकरांना मोठं नवल वाटायचं. "आमच्या घरात दोघंबी हेडफोनवरच जेवतो," म्हणायचे. पण हसणं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. कार्यक्रम वाढले होते आणि त्यांतलं गाणं कमी झालं होतं. मीही कंटाळले होते. नव्या मंडळींना निवेदिका नको होती, अँकर हवी होती.

माझी आई गेली आणि तिच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी मला एका व्याख्यानमालेत उभं राहावं लागलं. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. मध्यंतरात मी रायकरांची वाट बघत बसले. ते आले, "झ्याक चाललंय," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मला राग आला. इतक्या वर्षांचा संबंध आणि एवढंही कळू नये? घरी जाताना रिक्षात लक्षात आलं की त्या दिवशी त्यांनी दोन्ही कान झाकले होते, त्या नव्या पोरांसारखे. मग रागाच्या जागी भीती आली.

पुढच्याच महिन्यात दाबक्यांचा बँकेत फोन आला. दाबके फोन करतात हेच मला माहीत नव्हतं. "तुमच्या रायकरांनी पाच हेडफोन परत आणलेत. येऊन जा," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला.

मी गेले तर रायकर स्टुलावर बसलेले, समोर उघडी खोकी. "कंपन्या बिघडल्या ताई. सगळ्यांची डावी बाजू बसलेली. पोरं नीट बोलतात, पोरी कुठंतरी शेजारच्या वर्गात बसल्यात. तुमीच ऐका." त्यांनी सहावा हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि कॅसेट चालू केली. मी ऐकलं. मुलगे उजवीकडे, मुली डावीकडे. राजाराम म्हशीमागे गेला, पाटी पडली, आणि शेवटी डाव्या कोपऱ्यातून वैशाली स्पष्ट म्हणाली, "हजर बाई." हेडफोनात काहीही खोट नव्हती.

रायकर माझ्याकडे बघत होते. दाबकेही बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं: रायकर, उलटा घालून बघा. ते वाक्य त्या दुकानात रायकरांनीच शिकवलेलं होतं आणि आम्हा तिघांनाही पाठ होतं. पण ते म्हटलं असतं तर त्या माणसाचं तीस वर्षांचं काम तिथल्या तिथे, त्या स्टुलावर संपलं असतं. मला ते धाडस झालं नाही.

"काय ताई, बसलीय ना डावी बाजू?"

"हो," मी म्हटलं, "जराशी."

रायकरांनी कॅसेट काढून पिशवीत टाकली. त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. "हाच द्या," ते दाबक्यांना म्हणाले. दाबक्यांनी खोकं बांधून दिलं. मी निघताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण फार चांगलं निवेदन करता." आजवर मला मिळालेल्या टोमण्यांत हा पहिल्या नंबरचा. मी तो कमावलाच होता.

खराडीचा कार्यक्रम त्यानंतरचा. वैशालीच्या कंपनीचा वार्षिक समारंभ, हिरवळीवर, संध्याकाळी पाचला. ध्वनिव्यवस्था एखाद्या मोठ्या इव्हेंटवाल्यालाच जायची होती. पण वैशाली साहेबांशी भांडली होती, 'माझ्या वडिलांइतकं चांगलं पुण्यात कुणी करत नाही' म्हणून. आपला शब्द तिने तिथे टाकला होता. मराठी भागाचं निवेदन माझ्याकडे होतं, तेही रायकरांमुळेच.

मी स्टेजवर उभी राहिले तेव्हा समोर लांब रायकर दिसले. दोन्ही कान झाकलेले, मान खाली. ते हेडफोनमधे पुढच्या गाण्याचा माईक तपासत होते. मी दोन वाक्यं बोलले असेन, आणि माझ्या माईकने बारीक शिट्टी धरली. मग ती वाढली. पुढच्या रांगांतले लोक कान झाकून मागे बघायला लागले. साहेबांनी तोंड वाकडं केलं. कडेला वैशाली उभी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या सगळ्या हिरवळीवर जिला ती शिट्टी ऐकू येत नव्हती अशी एकच व्यक्ती होती.

हाक मारून उपयोग नव्हता, आणि चारचौघांत ओरडून सांगितलेलं बरं दिसत नाही. मी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागले. सावकाश, त्यांच्यासारखा, दोन्ही काचा. रायकरांनी नजर वर केली. क्षणभर ते नुसते बघत राहिले. मग त्यांचा हात हलला आणि शिट्टी थांबली. मी 'किंचित तांत्रिक अडचण' म्हणाले, लोक हसले आणि कार्यक्रम पुढे गेला. त्या संध्याकाळी मी आणखी दोनदा चष्मा पुसला.

सगळं आवरल्यावर रायकर वायरी गुंडाळत बसले होते. वायरीला पीळ पडू न देता, कोपरापासून पंजापर्यंत, एकेक वेटोळं. मी शेजारी खुर्ची ओढून बसले.

"तीनदा पुसला न्हवं?" ते म्हणाले.

"तीनदा."

"मला एकदाबी ऐकू आली न्हाई."

तेवढ्यात वैशाली आली. "अप्पा, आवाज मस्त होता! साहेब खूश आहेत." एका दमात बोलली बिचारी. रायकरांनी तिच्याकडे बघितलं आणि वायरीचं वेटोळं तिच्या हातात दिलं. "तूबी झाकतीस?" एवढंच म्हणाले. ती तिथेच हिरवळीवर बसली आणि त्यांच्याबरोबर वायरी गुंडाळायला लागली. मी उठले. अशा ठिकाणी निवेदिकेचं काही काम नसतं.

रायकरांनी काम सोडल्याचं मला दाबक्यांकडून कळलं. पंधरा दिवस मी जाईन-जाईन म्हणत होते. शेवटी एका रविवारी सकाळी धायरीची बस धरली. चारी बाजूंनी उठलेल्या इमारतींच्या मधे त्यांचं बसकं घर आणि पुढे फाटक. रायकर ओसरीत बसले होते, टोपी मांडीवर, शेजारी टेपरेकॉर्डर, डोक्यावर दाबक्यांकडचा तो सहावा हेडफोन. मी समोर जाऊन उभी राहीपर्यंत त्यांना चाहूल लागली नाही. आणि मग मला दिसलं की वायर त्यांच्या उजव्या खांद्यावरून खाली आली होती, म्हणजे हेडफोन उलटा घातला होता.

त्यांनी हेडफोन काढला आणि मला बसायला पाट सरकवला. चहा झाला. मग मी बोलले, कारण मला ते मनात ठेवून जगायचा कंटाळा आला होता. "रायकर, मी दुकानात खोटं बोलले. मला माफ करा."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तवाच कळलं. तुमी खोटं बोलता तवा आधी श्वास घेता. बारा वर्सं ऐकतोय तुमचा आवाज. आन् उजवा कान चांगला हाय की माझा. तुमचं 'जराशी' ऐकलं आन् समजलो, माल नवा हाय, आपनच जुनं झालो."

"मग तिथेच उलटा घालून का नाही बघितला?"

"पोरीनं खराडीचं काम भांडून मिळवलं हुतं. उलटा घातला आसता तर तिथंच सोडून द्यावं लागलं आसतं. वाटलं, तेवढं एक करू. कसंबी करू." त्यांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली. "चूक झाली. तुमी स्टेजवर व्हता म्हणून झाकली."

वैशाली सुटीचीही कामावर गेली होती. रायकर म्हणाले, तिला एवढंच सांगितलंय की त्या फोनावर बसताना दर तासाला कान बदलत जा. एकाच बैलाला जन्मभर जुंपू नये. आपण जुंपला, आता तो बसला, उठत नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दमलेल्या माणसाने दमलो म्हणावं, तसं सांगितलं.

"आता काय ऐकता?" मी विचारलं.

"हजेरीच. उलटा घातला की पोरी येतात, सगळ्या येतात. वैशाली बी. पण पोरं जातात शेजारच्या वर्गात. त्यो राजाराम म्हशीमागं गेला का कुठं गेला, कायबी कळत न्हाई." ते हसले, पूर्वीसारखे. "म्हणून दोनदा ऐकतो. एकदा सरळ, एकदा उलटा. दोन्ही मिळून वर्ग पुरा भरतो."

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांना संकोच वाटला, मलाही वाटला, पण केला. अंगण ओलांडून फाटकाशी पोचले तेव्हा ठेवणीतलं काहीतरी बोलायचं राहिलं असं वाटून मी मागे वळले आणि हाक मारली. रायकरांनी हेडफोन चढवला होता, वायर उजव्याच खांद्यावर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं, कारण डावीकडची शेवटची रांग, वैशालीची, चालू झाली होती.